दफेदारकाकांची दोन सालं

आपण न केलेल्या कामाची शाबासकी दफेदारकाका घेत नसत. एकदा ऐन उन्हाळ्यात साहेब रांजणातलं पाणी पिऊन म्हणाले, "वा दफेदार, पाणी छान गार ठेवलंय." काका दारातून मागं वळले आणि म्हणाले, "ते म्या न्हाय भरलं सायेब, किसननं भरलं." साहेब हसले, किसन शिपाई लाजला. काका मात्र निर्विकार होते. जणू चुकून आपल्या दारी आलेलं दुसऱ्याचं टपाल त्यांनी ज्याचं त्याला दिलं होतं, एवढंच.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची लहानशी सरकारी कचेरी होती. काका तिथल्या शिपायांचे मुख्य. निजामाच्या अमलात त्या जागेला दफेदार म्हणत. राज्य गेलं, नाव राहिलं. जातीनं धनगर, उंचपुरे, खांद्यावर बारमाही घोंगडं. छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला दर सोमवारी चिंचेनं घासत. शिक्षण नव्हतं, पण कचेरीतलं कुठलं दप्तर कुठल्या फडताळात आहे ते डोळे मिटून सांगत. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा हंगामी कारकून. वयानं त्यांच्या मुलासारखा, तरी ते मला कायम 'भाऊसाहेब' म्हणत.

मला नोकरी मिळाली ती उर्दूमुळं. शाळेत उर्दू शिकलो होतो, आणि आता जुनी दप्तरं मराठीत उतरवायची होती. नोकरांची सेवापुस्तकं माझ्याकडे आली. जन्माची सालं निजामाच्या फसली सनात लिहिलेली. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन निघायचा. सोपं काम. एका दुपारी दफेदारकाकांच्या पुस्तकावर माझ्या हातून पाचशे ब्याण्णव मिळवले गेले. साहेबांनी सही केली आणि नोंदी जिल्ह्याला रवाना झाल्या.

पुढं नव्या नोंदीखाली अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "काय लिवलंय ते वाचा की, भाऊसाहेब." कागद ऐकल्याशिवाय ते अंगठा देत नसत. मी वाचलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर बराच वेळ हिशेब केला.

"हे गलत हाय. दोन सालं कमी धरली तुमी."

मी जुनं दप्तर काढून पाहिलं. चूक माझीच होती. पंधरवड्यापूर्वीच अशा चुकांपायी एका हंगामी कारकुनाला घरी पाठवलं होतं, आणि मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "काका, आता वर गेलंय ते. राहू द्या. तुम्हाला नोकरीची दोन वर्षं जास्तच मिळतील. नुकसान कुणाचं आहे?"

"नुकसान कसं न्हाय? माझ्या जागंवर किसन चढायचाय. त्यो दोन सालं तसाच ऱ्हाईल." मग म्हणाले, "तुमची वेळ नाजूक हाय, कळतंय मला. सवडीनं दुरुस्त करा. माझी मुदत सरायला अजून तीन सालं हायेत."

मी करतो म्हणालो, आणि त्यांनी त्या दिवशी अंगठा दिला तो माझ्या या शब्दावर. मी कायम झालो. माझं लग्न झालं. तीन वर्षांत सवड अनेकदा मिळाली, आणि दर वेळी वाटलं, आता कशाला उकरायचं. काकांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी केलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

एका सकाळी काकांनी घासूनपुसून लख्ख केलेला बिल्ला आणि पट्टा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "माझी मुदत सरली, सायेब."

हे साहेब नवे, पुण्याकडचे, उर्दू न जाणणारे. त्यांनी पुस्तक मागवलं. पुस्तकाप्रमाणं दोन वर्षं बाकी होती. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतायत हे?"

जुनं दप्तर शेजारच्या खोलीत होतं. दहा पावलांवर. काका माझ्याकडे पाहत होते, आता हा बोलेल अशा सहज भरवशानं.

मी म्हणालो, "वयानं विसर पडतो, साहेब."

काकांची नजर माझ्यावरून निघाली आणि टेबलावर गेली. साहेबांनी त्यांना विचारलं, "नोंद चुकीची आहे, असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

माझं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता.

"कुणी न्हाय," काका म्हणाले. "माझं वय मला ठावं हाय."

ते गेले आणि परत आले नाहीत. विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल त्यांना तीन नोटिसा गेल्या. तिन्ही माझ्या अक्षरात. मग ते बडतर्फ झाले, पेन्शन बुडालं. दफेदार म्हातारपणी चळला, असं गावात म्हणू लागले. मीही मान हलवत असे.

त्यांच्या गावी मी गेलो तो दोनेक वर्षांनी, तेही मुद्दाम नव्हे. मतदारयाद्या तपासायच्या होत्या आणि परंड्याच्या रस्त्यावरची चार गावं माझ्या वाट्याला आली होती. घरोघर फिरताना मेंढरांच्या वाड्याशेजारी एका छपराखाली काका बसलेले दिसले. फार खंगले होते. मला ओळखून उठायला लागले. मी बसा म्हटलं.

"वय काय लिवता माझं?" त्यांनी विचारलं.

मी बरोबर वय लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पेरांवर मोजलं. मान डोलावली.

"आन् कचेरीतलं?"

"केलं दुरुस्त," मी म्हणालो. पुस्तकात तेव्हाही चुकीचंच साल होतं. मी निवृत्त झालो तोवर ते तसंच होतं.

काकांचा चेहरा एकदम निवळला. ते चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे वळले. "बघ, म्या सांगत नव्हतो? भाऊसाहेब दुरुस्त करतील म्हणून. लई दिस मनात कायबाय येत हुतं यांच्याबद्दल. वंगाळ हुतं ते. माफी करा, भाऊसाहेब."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नोंद दुरुस्त झाली असती तर पेन्शन आलं असतं, एवढं त्या अडाणी बाईला समजत होतं. त्या उठून आत गेल्या, ताकाचा पेला आणून माझ्यासमोर ठेवला, आणि मी तो पिऊन होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.