अडकलेली शिंक

मी पस्तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवलं आणि एकही गोष्ट बोध विचारल्याशिवाय सोडली नाही. गोष्ट संपली की पुस्तक मिटायचं, चष्मा वर सरकवायचा आणि विचारायचं, "मग, यातून आपण काय शिकलो?" रिटायर झाल्यावर ही खोड जाते असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या इलाजासाठी अमरावतीहून मुलाकडे अकोल्याला आले. नात तेव्हा पाच वर्षांची. तिच्यासाठी बोधकथांची चार पुस्तकं आणली होती. पहिल्या दिवशी ती मला चिकटून बसली. दुसऱ्या दिवशी कोल्ह्याची गोष्ट अर्ध्यावर असतानाच म्हणाली, "खोटं बोलू नये. झालं? जाऊ मी?" कोल्हा अजून खोटं बोललाही नव्हता. तिसऱ्या दिवसापासून ती माझ्या खोलीकडे फिरकेनाशी झाली.

स्वयंपाकघरातून मात्र रोज तिचं खिदळणं ऐकू येई. सुनेनं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यात एका म्हशीची शिंक अडकते. सारं गाव ती काढायच्या मागे लागतं. कोणी तिखटाची पुडी उडवतं, कोणी नाकात कोंबडीचं पीस घालतं. शेवटी शिंक येते ती अशी, की सरपंचाचं धोतर उडून विजेच्या खांबावर जातं आणि सरपंच पुढे सूप धरून उभा. बस, एवढंच. सून भाजी चिरता चिरता शिंक काढायची आणि पोरगी फरशीवर लोळायची. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेली. मला हेवा वाटला. सरळ सांगते, चांगलाच वाटला.

"यातून मुलं शिकणार काय?" मी सुनेला विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "हसतेत."

हे काय उत्तर झालं! मी पुन्हा पेपर तोंडापुढे धरला.

मग एका दुपारी सून ड्युटीवर गेली आणि घरात आम्ही दोघीच उरलो. नात दारात येऊन उभी राहिली. पुस्तक पाठीमागे धरलेलं. दुसरं कोणी नाही म्हणून माझ्याकडे आली होती, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आजी, वाचून दे. पण मंग काही विचारू नको."

पस्तीस वर्षांत मला कोणी अट घातली नव्हती. तरी "ये" म्हणाले. ही पुन्हा आली नसती, तर जाईपर्यंत मी या घरात पाहुणीच राहिले असते.

वाचायला लागले तर वर्गात धडा वाचावा तसा आवाज निघाला. म्हैस गंभीर, सरपंच गंभीर. पोरीनं दोन पानं सोसलं आणि मग एकदम शेवटचं पान उघडून म्हणाली, "असं नाही ओ! खरी शिंक काढ."

मी काढली. ती काही जमली नाही. "मोठी काढ." मग मी दम भरून अशी मोठी काढली की माझी वरची कवळी सुटून थेट सरपंचाच्या सुपावर पडली. पोरीनं कवळीकडे पाहिलं, माझ्या बोळक्याकडे पाहिलं, आणि जी हसत सुटली! मला राग यायला हवा होता. आला नाही. मीही हसले, तोंडावर हातसुद्धा न ठेवता.

दिवसभर ज्यांना 'नीट बस, नीट बोल' ऐकावं लागतं, त्यांना उघडा सरपंच का आवडतो, हे त्या दुपारी कळलं. शिवाय त्या पुस्तकाला पोरीकडून काहीच नको होतं. माझ्या गोष्टींना मात्र नेहमी काहीतरी वसूल करायचं असायचं.

तिनं तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती माझ्या पोटावर डोकं ठेवून आडवी पडली होती आणि मी शिंकेवर शिंका काढत होते. वर पाहिलं तर मुलगा दारात उभा. ऑफिसातून कधी आला, कळलंच नाही. चाळीस वर्षांचा माणूस, हातात हेल्मेट, गालात हसत होता.

तो माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात शिकला. दुजाभाव दिसू नये म्हणून मी त्याला इतरांपेक्षा दोन छड्या जास्तच मारल्या. याचा मला अभिमान होता.

"आई," तो म्हणाला, "मले नाही वाचून दाखवलं तुनं असं कधी."

"तेव्हा अशी पुस्तकं कुठं होती रे?" मी म्हणाले.

"पुस्तकं नव्हती," तो म्हणाला, "पण तू तर होती ना." आणि हातपाय धुवायला आत गेला.

बोलण्यात राग नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं.