कुकरातला दगड

दगडाला छळून छळून त्याच्याकडून अॅल्युमिनियम ओकवून घ्यायचं, हा माझ्या पीएचडीचा विषय. कागदावर नाव भारदस्त, काम मात्र पोलीस ठाण्यातलं. झिओलाइट हा पांढरा दगड आतून चाळणीसारखा, सिलिकॉन आणि अॅल्युमिनियमच्या खांबांवर उभा. त्याला आम्लात उकळून थोडं अॅल्युमिनियम काढलं की चाळणी भट्टीतही तग धरते. हात जड पडला की खांब कोसळतात आणि दगडाची खीर होते.

माझा हात जडच. दिवसा मी भिलाईच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. तिथं जे उघडत नाही त्यावर घन घालतात. बोरसीला राहणाऱ्या माझ्या गाइडसरांनी इतक्या खिरी पाहिल्या, की शेवटी रबरी नळीच माझ्या पाठीवर ओढली. तो वळ अजून ढग आले की ठणकतो.

"शेवटचा दगड उरलाय. याची खीर केलीस तर रजिस्ट्रेशन रद्द. फाडून टाकीन!"

"कागद, सर?"

"तुला!"

आता आम्ल पातळ हवं होतं, पण वाफ दाबाखालची. तसलं यंत्र कॉलेजात नव्हतं. सेक्टर दोनच्या माझ्या क्वार्टरमध्ये होतं: बायकोचा कुकर. ती हळदीकुंकवाला गेल्याबरोबर मी दगडाचा अर्धा चुरा आणि आम्ल काचेच्या भांड्यात घातलं, भांडं कुकरातल्या पाण्यात ठेवलं आणि शिट्टी चढवली.

आत काच तडकली. आम्ल सुटलं ते थेट कुकरच्या अंगावर. कुकर अॅल्युमिनियमचा! तो आधी गुरगुरला, मग फेसाळला आणि फुटला. झाकणानं पंख्याचं पातं छाटलं, खिडकी फोडली आणि कोसांवरच्या चरोद्याच्या यार्डात उभ्या मालगाडीला पोचा पाडला म्हणतात. मी स्वतः त्याला फक्त पेरूच्या झाडापर्यंत जाताना पाहिलं.

बायको दारात उभी. "कावून जी, मले मारून टाकाचं होतं तर सरळ सांगाचं! कुकरनं तुमचं काय बिघडवलं होतं?" एवढं म्हणेस्तोवर लाटण्याचे दोन तुकडे झाले होते, माझ्या टाळक्यावर.

रक्त पुसत मी छतावरून चुरा खरवडला, फरशीवरचं पाणी बाटलीत भरलं आणि सरांकडे नेलं. त्यांनी आधी पाणी तपासलं.

"अरे, दगडात होतं त्याच्या कितीतरी पट अॅल्युमिनियम! दगडाच्या बापाचंही काढलंस काय?"

"बापाचं नाही सर, कुकरचं."

मग नळी तुटेपर्यंत चालली. चुरा एक्स-रेसाठी बाहेर पाठवला. उत्तर सरांच्या घरी आलं तेव्हा त्यांच्या हातात नवी नळी होती. वाचता वाचता ती खाली आली.

"खांब उभे आहेत! अॅल्युमिनियमही निघालंय! पण एकदा झालं ते विज्ञान नव्हे. उरलेल्या चुऱ्यावर पुन्हा करून दाखव, मग रजिस्ट्रेशन शाबूत."

"कुकर नाही, सर."

सरांनी आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं वहिनी वरवंटा घेऊन उभ्या होत्या. "या, घेऊन जा," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

सर घाम पुसत माझ्याकडे वळले. "मूर्खा, भिलाईत राहतोस आणि पोलादाचं भांडं सुचलं नाही तुला?"

ते मी करवून घेतलं, आणि त्यातच डॉक्टर झालो. पण हे वाक्य म्हणताना सरांनी नळी उचलली होती. ती त्यांनी रिकामी काही खाली आणली नाही.