डब्यातली सुकट

घरात सुकट भाजल्याचा वास सुटला की मला पनवेलच्या थिएटरात पाहिलेला तो सिनेमा आठवतो आणि डोकं फिरतं. मूळ कादंबरीत एका कोळ्याच्या मुलीच्या डब्यात सुकट निघते आणि बाई तिला वर्गाबाहेर बसवतात. ते पान मी आईला कितीदा तरी वाचून दाखवलं होतं, कारण लहानपणी तिलाही असंच वर्गातून उठवलं होतं आणि ती परत शाळेत गेलीच नाही. सिनेमाला ती ठेवणीतली साडी नेसून आली. मध्यंतरात पॉपकॉर्न हुंगून म्हणाली, ‘यांना यो वास चालतो वाटतं!’ मग तो प्रसंग आला. डब्यातून बटाट्याची भाजी निघाली, बाई गोड हसल्या, सगळी पोरं एकत्र जेवली. म्हणे कौटुंबिक सिनेमा! प्रेक्षकांचं नाक सांभाळायला एका पोरीचा अपमान पुसून टाकला, याला मी चोरीच म्हणतो. मी ओरडायला उठलो, तर आईनं हात धरून खाली बसवलं. ‘हिला कोनी उठवलाच नाय रं,’ ती हळूच म्हणाली, ‘मंग मना एकलीलाच का उठवलेली?’  आजही सुकट भाजण्याआधी ती खिडकी लावते. मी उघडतो. ती परत लावते.