वस्त्रगाळ कोळसा आणि नाकावरचं फडकं

तेरखेड्यात माझा संसार टिकला तो मोठ्या जाऊबाईंमुळं. हे आधी सांगते, मग बाकीचं.

माझं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. चौथीत शाळा सुटली, आणि महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास लग्न होऊन मी या शोभेच्या दारूच्या घरात आले. दारूला हात पुरुषांचा. परसातल्या छपराखाली दारूत घालायचा कोळसा कुटून धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायचा, हे काम आम्हा सुनांचं. त्याच धोतराचा एक तुकडा मी नाकातोंडावर बांधायची. तरी खोकला लागला आणि थुंकी काळी पडायला लागली.

आळीतली एक सून अशीच खोकते म्हणून माहेरी धाडली होती. तिला परत आणलंच नाही. म्हणून मी पदर तोंडात कोंबून खोकायची.

जाऊबाईंच्या ते ध्यानात आलं. मी म्हणाले, "फडकं बांधते की हो. आता तर दुहेरी बांधते."

"चोरावानी दिसायलीस. सोड ते."

फडकं त्यांनी उन्हात धरलं. बाहेरच्या बाजूला जाडे कण अडकलेले, आणि आत नाकापुढं काजळासारखा मऊ काळा डाग. परातीतली गाळलेली पूड त्यांनी बोटानं शेजारी फासली. दोन्ही काळं सारखंच.

"ज्यातून गाळायलीस तेच नाकाला," त्या म्हणाल्या. "जे परातीत पडतंय ते छातीत न्हाय पडायचं व्हय?" मग म्हणाल्या, "म्या बी इतकी वर्सं असंच बांधत आले की."

त्यांनी दोन फडक्यांच्या मधी पिंजलेला कापूस भरून जाड पट्टी शिवली. संध्याकाळी उसवून बघितली तर कापूस काळा, आतलं फडकं जवळजवळ पांढरं. कापसात सरळ वाट नसते, म्हणून बारीक पूडही कुठंतरी चिकटून राहत असावी, असं मला वाटतं. नाकाच्या दोन्ही अंगांना मात्र काळ्या रेघा होत्या. तिथं पट्टी सैल पडली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद आवळून बांधले, आणि तशीच एक पट्टी स्वतःलाही बांधली. पलीकडं पुरुष दारू मिसळायचे, तिथून येणारा गंधकाचा वास तेवढा कशानं अडेना.

सासूबाईंनी विचारलंच, "तोंडाला गोधडी कशाला बांधलीया हिनं? खोकती का काय?"

"खोकला मला हाय, आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या. "माझं बघून बांधलीया तिनं. आता मला कुठं धाडताव? माझ्या माहेरी दिवा लावायला बी कोण न्हाय."

सासूबाई आत निघून गेल्या. माझा खोकला दसऱ्यापर्यंत हळूहळू उतरला. जाऊबाईंना खोकला कधी नव्हताच.

उपकार फेडायला माझ्यापाशी दुसरं काय आहे? एकदा मी त्यांना माझ्या माहेरी नेणार आहे. माझ्या आईच्या घरी त्यांनी उशिरापर्यंत झोपावं, आयतं जेवावं, आणि जाताना आईनं त्यांची ओटी भरावी. एवढं माहेरपण मी त्यांचं करीनच.