कपाटातला चौथा पासपोर्ट

डांबरगोळीचा वास आला की मला सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधलं आमचं कुलूपबंद कपाट आठवतं. मुलीला अमेरिकेतलं यादवी युद्ध शिकवताना मी ठणकावून सांगितलं, की दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी संपवायला लढली. "उलटं लाह, बाबा!" ती तिथल्या सवयीचं 'लाह' जोडून म्हणाली. "त्यांना गुलाम ठेवायचे होते, म्हणून तर ती देशातून फुटून निघाली." अब्रू सावरायला मी व्याख्या ठोकली, "ज्याला मनात येईल तेव्हा निघून जाता येत नाही, तो गुलाम." तिने वही मिटली. "मग आपल्याकडे कामाला राहणाऱ्या आंटीचा पासपोर्ट तुझ्या कपाटात का?" हरवू नये म्हणून ठेवलाय, सगळेच ठेवतात, असं काहीबाही पुटपुटत मी कुलूप उघडलं आणि पासपोर्ट आंटीच्या हातात दिला. तिचा चेहरा पांढराफटक झाला. "सर, मला काढून टाकलं?" बायकोनेच तिला जवळ बसवून समजावलं. नंतर बायको मला म्हणाली, "अरे, धुवायच्या पँटच्या खिशात राहिलेली ती कपाटाची किल्ली रोज आंटीच तर काढून तुझ्या टेबलावर ठेवते."