वन्संची रिलीव्हर

भिण्याच्या बाबतीत आमच्या वन्संचा हात धरणारं माणूस पेणपासून रोह्यापर्यंत शोधून सापडायचं नाही, आणि सापडलंच तर ते वन्संनीच घाबरवून ठेवलेलं असेल. माणसं पालीला भितात, अंधाराला भितात, सासूला भितात. वन्संना असल्या किरकोळ भीती पुरत नाहीत. त्या गॅसचं बटण तीनदा बघतात आणि मग आपण तीनदा बघितलं की दोनदाच, या शंकेनं कोपऱ्यावरून परत येतात. केळ्यात बी नसते हे त्यांना माहीत आहे, तरी जपून चावतात. एकदा माझ्या माहेरी, जोह्याला, बाबांचा गणपतीचा कारखाना बघायला आल्या. कच्च्या मूर्तींच्या रांगांमधून दोन्ही हात पाठीमागे बांधून, श्वास रोखून, खेकड्यासारख्या आडव्या चालल्या, आणि बाहेर पडल्यावर बाबांना पहिला प्रश्न केला, "साच्याचा दुसरा साचा ठेवलाव ना?" बाबा हसले. त्याच मोसमात रबराचा साचा फाटला. बाबा अजून म्हणतात, "तिच्या तोंडानंच फाटला."

या भिण्याचा वन्संना पगार मिळायचा, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत त्या संगणकाच्या खात्यात होत्या. कुठल्या टाकीत किती उष्णता, किती दाब, हे पडद्यावर दाखवणारी आणि वेळ आलीच तर धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा तिथे आहे. तिच्या प्रोग्रॅममध्ये कुणी एक अक्षर बदललं, तरी ते आधी वन्संच्या टेबलावर यायचं. त्यासाठी त्यांची एक वही होती आणि तिची प्रत्येक ओळ 'समजा'नं सुरू व्हायची. समजा लाइट गेली. समजा लाइट आली. समजा ऑपरेटरला शिंक आली आणि भलतंच बटण दाबलं गेलं. साहेब ही वही जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचायचे आणि सगळं खातं पोट धरून हसायचं. मग एक दिवस वन्संनी 'समजा दोन घंटा एकदम वाजायच्या झाल्या' ही ओळ संगणकावर करून बघितली, तर दुसरी घंटा वाजलीच नाही. तो प्रोग्रॅम सोमवारी चालू व्हायचा होता. आणि सोमवारी फर्स्ट शिफ्टला त्या दुसऱ्या घंटेच्या टाकीपाशी वन्संचा धाकटा भाऊ बाळू, म्हणजे आमचे हे, उभे असणार होते. त्यानंतर साहेब वही मनातल्या मनात वाचू लागले.

कंपनीत मोबाइल नेऊ देत नाहीत. त्यामुळे तीन वाजता शिफ्ट सुटली की वन्सं खिडकीशी जाऊन गेटाकडे बघत बसायच्या, आणि भाऊ बाहेर पडलेला दिसला की ऑफिसच्या फोनवरून मला दोनच शब्द सांगायच्या, "निघाला गो." मी "बरं" म्हणायचे आणि चहाचं आधण ठेवायचे. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी कधी घाबरले नाही. घरातलं एक माणूस सगळ्यांच्या वाटचं घाबरत असल्यावर मी कशाला उगाच जीव जाळू!

परिषदेला वन्संचं नाव साहेबांनीच पाठवलं. पुण्याला मोठ्या हॉटेलात, संगणकाचं काम करणाऱ्या ठिकठिकाणच्या बायका जमणार, आणि त्यांच्यासमोर वन्संनी पंधरा मिनिटं त्या दोन घंटांबद्दल बोलायचं. वन्संची झोप उडाली, जेवण सुटलं. शेवटी "पडले तर उचलायला" म्हणून मला सोबत घेतलं. लिफ्ट अडकली तर काय, म्हणून आम्ही सहा मजले चढून गेलो. गळ्यात घालायची नावाची पट्टी त्यांनी पर्समध्ये टाकली, कारण समजा तिची दोरी दारात अडकली. झुंबराखालच्या सगळ्या रांगा सोडून आम्ही भिंतीला चिकटून बसलो. शेजारच्या चटपटीत मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय काम करता?"

"घाबरते," वन्सं म्हणाल्या. ती मुलगी हसली. वन्सं हसल्या नाहीत.

त्यांचं नाव पुकारलं. माइकमधून आधी नुसता श्वास ऐकू आला. पाठ केलेलं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. मग त्यांनी त्या गर्दीत मला शोधलं आणि रोज फोनवर बोलतात तशा माझ्याशीच बोलू लागल्या. "ती दुसरी घंटा वाजली नाय ना, तवा मी खुर्चीत बसून रडले. मशीन चुकलं म्हणून नाय. माझा भाऊ तिथं उभा असंल आणि त्याला कायच ऐकू येणार नाय, म्हणून." खाली उतरल्यावर पुण्याच्याच एका कंपनीतल्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, आमच्याकडे या, नव्या मुलींना हे असं घाबरायला शिकवा. वन्सं एवढ्या खूश झालेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या, आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरला.

आम्ही परतीची एसटी धरली. पेणच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा वन्सं बोलल्या.

"माझा रिलीव्हर कोण गो?"

कंपनीचा नियम मलाही ठाऊक होता. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो येतो, वही वाचतो, सही करतो, मग चार्ज सुटतो. आणि एकदा चार्ज दिला की मागं फिरून विचारायचं नाही, त्यात पुढच्याचा अपमान होतो.

"कंपनी घेईल की दुसरं कोणी," मी म्हटलं.

"कॉम्प्युटर बघायला घेईल. बाळूसाठी घाबरायला कोण हाय? तू घाबरशील का?"

मला हसू आलं. पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि त्या सोडत नव्हत्या. मी म्हटलं, "व्हय वन्सं, घाबरेन." पुण्याला जायच्या दिवशी त्यांनी घरातल्या 'समजां'ची एक वेगळी वही माझ्यापुढे ठेवली आणि खाली माझी सही घेतली. मी चेष्टेनं केली.

त्या गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस हे तीनला सुटले नाहीत. साडेतीन झाले. फोन लावला, तो गेटावरच्या लॉकरमध्येच वाजत असणार. चार झाले. आधण आटून गेलं. कंपनीच्या दिशेनं कुठून धूर येतोय का ते बघायला मी दारापुढच्या ओट्यावर आले, आत गेले, पुन्हा आले. वहीतली एकेक ओळ, जी वाचून मी हसले होते, माझ्यासमोर उभी राहिली. समजा घंटा वाजली नाही. समजा वाजली, पण बाळूला ऐकू आली नाही. मी उंबऱ्यात बसले. असं घाबरणं रोज, इतकी वर्षं, वन्सं एकट्या करत होत्या आणि आम्ही त्यांना हसत होतो.

सव्वाचारला हे आले. रिलीव्हर उशिरा आला होता, एवढंच. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताईसारखं तोंड काय केलंयस?" मी पुन्हा आधण ठेवलं.

वन्संचा फोन दर रविवारी येतो. पोळ्यांचं पीठ, पुण्याची थंडी, तिथल्या नव्या मुली कशा बेधडक आहेत आणि त्यांचं पुढं कसं व्हायचं, सगळं बोलतात. पण "बाळू वेळेवर येतो ना?" हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. आधी मला रागच आला, इतक्यात विसरल्या म्हणून. मग नियम आठवला. ज्या बाईनं गॅसच्या बटणावर कधी विश्वास ठेवला नाही, तिनं माझ्यावर ठेवलाय. कधी वाटतं, नियम मोडून एकदा तरी "निघाला गो" म्हणून त्यांचा फोन यावा. तो येणार नाही. म्हणून तीन वाजले की मी हातातलं काम बाजूला ठेवते, ओट्यावर येते आणि घाबरायला बसते.