फिशटँकमधलं शिळं पाणी

मुकुंदवाडीत नळाला पाणी आलं की घरोघरी घासाघाशी सुरू होते. ड्रम, हंडे, बादल्या, सगळं. तळाशी उरलेलं पाणी शिळं म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं. पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तरी ओतायचंच. लोकांचा मला राग नाही. नळ असा चालवणाऱ्यांचा आहे. त्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. त्यामुळं पप्पांच्या फिशटँकमधले मासे मरायला लागले तेव्हा माझा पहिला संशय नळावरच गेला.

चितेगावची कंपनी बंद पडल्यापासून पप्पा घरी होते. सकाळी उठायचं ते कशासाठी, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडं नव्हतं. टँक आला आणि ते उठायला लागले. चहाच्या आधी टँकचा दिवा लावायचे. पण दर पाण्यानंतर एखादा मासा उलटा तरंगायचा. शेवटी त्यांनी समोरच्या वहिनींना सांगून टाकलं, टँक तुम्हीच घेऊन जा. मम्मी मला बाजूला घेऊन म्हणाली, "टँक गेला की हे परत पलंग धरतील."

म्हणजे मला गुन्हेगार शोधायचा होता, आणि वहिनी टँक न्यायच्या आत.

आधी दुकानदाराला गाठलं. टीव्हीच्या खोक्याएवढ्याही नसलेल्या टँकसाठी त्यानं पप्पांना गोल्डफिश दिले होते, वर काच साफ करतो म्हणून एक सकर मासा. माझं सगळं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "ताई, मासे आपले एक नंबर असतात. तुमच्या एरियाचं पाणीच खराब हाय."

हे तर मीच बोंबलून सांगत होते. तरी मला ते पटलं नाही. विकणारा माणूस एवढ्या लवकर हो म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी झाकायचं असतं. त्यानं लगेच निळ्या औषधाची बाटली पुढं केली. मी ती सरकवली आणि पाण्यातला अमोनिया तपासायची किट घेतली. पुरावा हातात आला की पत्रक काढायचं ठरलेलं होतं.

घरी किटमधल्या नळीत ड्रमचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. रंग पिवळा, म्हणजे अमोनिया नाही. विश्वास बसला नाही म्हणून वहिनींच्या ड्रमचं आणलं. तेही पिवळं. मग टँकचं घेतलं, तर गडद हिरवं. एकच पाणी, ड्रममध्ये साधं आणि टँकमध्ये विष. म्हणजे गुन्हा आमच्या घरातच घडत होता. फिनाईलचे हात टँकमध्ये घालतेस का, असं मी मम्मीला विचारलं.

"आता माझ्यावर पत्रक काढ," ती म्हणाली.

पुढच्या पाण्याला मी टँकसमोर खुर्ची टाकून बसले. पप्पांनी मासे बादलीत काढले, टँकचं सगळं पाणी ओतलं, काच घासली, खडे चोळून धुतले. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून ब्रशनं पांढरा होईपर्यंत घासला. कंपनीत मशीन पुसायचे तसाच मन लावून. मग सगळं ताजं पाणी भरलं.

मी टँकबद्दल मिळेल ते वाचून काढलं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो खाणारे जिवाणू स्पंजात आणि खड्यांवर राहतात. ते जमायला आठवडे लागतात आणि नळाच्या क्लोरीननं ते मरतात. दर पाण्याला आम्ही त्यांची वस्ती उठवत होतो.

पप्पांना सांगितलं तर त्यांना राग आला. "घाण तशीच ठेवायची म्हणतेस?" मी ड्रमची पिवळी आणि टँकची हिरवी, दोन्ही नळ्या पुढं धरल्या. त्यांनी त्या हातात घेऊन निरखल्या. मग म्हणाले, "किट त्याच दुकानातली ना?"

व्हय, तिथलीच. पण तीच किट ड्रमला पिवळं दाखवत होती.

उरलेले गोल्डफिश आणि सकर मी परत नेले. दुकानदार मोठा टँक घ्या म्हणायला लागला. गिऱ्हाइकांसमोर मी विचारलं, हे मासे वाढून केवढे होतात ते आधी का सांगितलं नाही? त्यानं घाईघाईनं माशांची पिशवी घेतली. बदल्यात थोडे गप्पी मासे आणले, तेवढेच. आता ड्रमचं पाणी फडकं बांधून दिवसभर ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचा. त्यातलं थोडंच टँकमध्ये बदलायचं. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच नुसता हलवायचा.

पाणी गढूळ झालं. मम्मीनं नाक मुरडलं. वहिनी दोनदा विचारून गेल्या. पप्पा फक्त "बघू" म्हणत होते, आणि मला वाटत होतं, माझी पाठ फिरली की हे ब्रश उचलणार. म्हणून ब्रश मी लपवून ठेवला.

काही आठवड्यांनी पाणी आपोआप निवळलं. एका सकाळी मी तपासलं आणि सांगितलं, पिवळं आलंय.

"परत कर. माझ्यासमोर," पप्पा म्हणाले.

परत केलं. त्यांनी थेंब स्वतः मोजले, नळी खिडकीच्या उजेडात धरली, शेजारी ड्रमची नळी लावून रंग ताडून पाहिला. मग खिडकीतूनच समोर आवाज दिला.

"वहिनी, टँक द्यायचा नाय आता."